अथ लेन्सनिर्णय

एकादशी स्मार्तांनी कोणत्या दिवशी धरावी आणि भागवतांनी कोणत्या, याची चोख व्यवस्था आपल्या पूर्वजांनी लावून ठेवली आहे. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातल्या कमलाकरभट्टांनी काशीत बसून १६१२ साली ‘निर्णयसिंधु’ लिहिला. पुढे पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० साली ‘धर्मसिंधु’ लिहिला आणि क्षयतिथी, अधिक मास, सोयर-सुतक अशा यच्चयावत शंका मिटल्या. परंतु साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याची मोठ्या तोंडाची, म्हणजे फोटोवाल्यांच्या भाषेत ‘फास्ट’, लेन्स विकत घ्यावी की न घ्यावी, याबद्दल दोन्ही ग्रंथ गप्प आहेत. परिणामी अनेक सुशिक्षित गृहस्थ मध्यरात्रीपर्यंत टोकियो-ओसाकाच्या दुकानदारांनी टाकलेले फोटो बोटांनी मोठे करून बघत बसतात आणि सकाळी ऑफिसात जांभया देतात. लोककल्याणार्थ हा निर्णय.

शास्त्राप्रमाणे आधी अधिकारी ठरवावा. ज्याच्याकडे रेंजफाइंडर कॅमेरा आहे, ज्याने त्यात निदान काही रोल स्वखर्चाने धुऊन घेतले आहेत आणि ज्याला घरात कुणी ‘मोबाइल आहे की’ असे म्हटल्यावर राग येत नाही, तो मुख्य अधिकारी. मिररलेस कॅमेऱ्याला अ‍ॅडॅप्टर लावून वापरणारा उपाधिकारी. त्याला एक सवलत आहे, ती पुढे येईल. कॅमेरा नाही पण ‘लेन्स मिळाली की कॅमेरा घेईन’ असे म्हणणाऱ्याला अधिकार नाही. बाजारात मात्र सर्वांत जास्त गिऱ्हाइके याच तिसऱ्या वर्गातली असतात.

आता पूर्वपक्ष. पूर्वपक्ष म्हणतो : मोठ्या तोंडाची लेन्स जास्त उजेड घेते, म्हणून ती अंधारात उपयोगी, म्हणून ती घ्यावी. या युक्तिवादात एकही चूक नाही, फक्त साल चुकले आहे. १९३२ साली जर्मनीतल्या झाइस कंपनीच्या लुडविग बेर्टेले यांनी काँटॅक्स कॅमेऱ्यासाठी ५० मिलिमीटर एफ १.५ (एफचा आकडा जितका लहान तितके तोंड मोठे) ही झोनार लेन्स तयार केली तेव्हा हे म्हणणे शंभर टक्के खरे होते. तेव्हाची फिल्म मंद. शिवाय काचेवर कोटिंग चढवण्याची युक्ती झाइसमध्येच स्माकुला यांना सापडली ती १९३५ साली. कोटिंग नसलेल्या काचेचा हवेशी जिथे जिथे संबंध येतो तिथे चार-पाच टक्के उजेड परत फिरतो आणि आत इकडेतिकडे भटकून चित्र फिके करतो. बेर्टेले यांनी सात काचा एकमेकींना चिकटवून त्यांचे तीनच गट केले. हवेला लागणारे पृष्ठभाग उरले सहा. ही त्या माणसाची हुशारी. झोनारच्या चित्राला जो कसदारपणा आहे त्याचे मूळ या काटकसरीत आहे, हे मी कुणाशीही पैज लावून सांगायला तयार आहे.

पुढचा इतिहास चढाओढीचा. १९५० साली ‘लाइफ’ मासिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन कोरियाच्या युद्धावर गेले ते लायका कॅमेऱ्याला जपानी निक्कोर, म्हणजे निकॉनची, लेन्स लावून. फोटो न्यूयॉर्कला पोहोचले आणि जपानी काच म्हणजे स्वस्तातली नक्कल हा समज एका फटक्यात मोडला. मग जपान्यांना चेव आला. झाइसची १.५, तर निक्कोरची १.४. १९५३ साली झुनो नावाच्या छोट्या कंपनीने १.१ काढली. १९५४ साली फुजीने १.२. १९५६ साली निक्कोरची १.१ आणि कॅननची १.२ आली. शेवटी १९६१ साली कॅननने आपल्या ‘कॅनन ७’ कॅमेऱ्यासाठी ०.९५ काढली आणि ती मानवी डोळ्याच्या चौपट तेजस्वी असल्याची जाहिरात केली. डोळ्याने त्यावर काही उत्तर दिल्याची नोंद नाही. जर्मनीत लायकाने १९६६ पर्यंत दम धरला आणि मग नॉक्टिलक्स १.२ आणली. दरम्यान १९५९ साली निकॉन एफ हा आरशाचा कॅमेरा बाजारात आला आणि जग हळूहळू रेंजफाइंडर सोडून त्याच्याकडे गेले. शर्यत संपली तेव्हा प्रेक्षक उठून गेले होते.

उत्तरपक्ष असा. तेव्हाची रंगीत कोडाक्रोम फिल्म एएसए १० ची, म्हणजे उजेड टिपण्यात फारच मंद, होती. आज चारशेची फिल्म सहज मिळते, आणि डिजिटल कॅमेरा सहा हजार चारशेला कुरकुरसुद्धा करत नाही. एफ १.४ आणि ०.९५ यांच्यात फरक साधारण एका स्टॉपचा, म्हणजे दुप्पट उजेडाचा, थोडा जास्त धरा. म्हणजे चारशेच्या फिल्मऐवजी आठशेची घातली की फरक मिटला. रोलमागे थोडे जास्त पैसे देऊन मिटणाऱ्या फरकासाठी काही लाख रुपये मोजणे हे कोणत्याही स्मृतीत बसत नाही.

मग लोक घेतात कशासाठी? सिद्धान्त सांगतो : दोषासाठी. पूर्ण उघडलेल्या जुन्या १.२ लेन्समधून दिव्याकडे बघा. दिव्याभोवती मऊ प्रभा येते, मधला भाग बऱ्यापैकी धारदार आणि कडा विरघळलेल्या, मागची पाने भोवऱ्यात सापडल्यासारखी फिरलेली. यातली एकेक गोष्ट घालवण्यासाठी त्या काळच्या इंजिनिअरांनी कागदावर आकडेमोड करत आयुष्य घालवले, आणि त्यांना जे घालवता आले नाही त्याच्यावर आज ‘कॅरॅक्टर’ अशी पाटी लावून किंमत वसूल होते. २०२१ साली तर लायकाने १९६६ चीच नॉक्टिलक्स पुन्हा काढली. नवी, गॅरंटीसह, जुन्या दोषांसकट. तेव्हा लेन्स घेणाऱ्याने प्रामाणिकपणे एवढेच ठरवावे : मला उजेड हवा आहे की बिघाड? उजेड हवा असेल तर लेख इथेच संपला; फोक्टलेंडर कंपनीची एक नवी लेन्स घ्या आणि सुखी व्हा. बिघाड हवा असेल तर कोणता बिघाड हवा ते ठरवावे लागेल, आणि खरे काम तिथून सुरू होते.

अंतराचा विचार आधी, कारण बहुतेकांचा पाडाव तिथे होतो. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघत नाही. वरच्या खिडकीतून बघतो, आणि मधल्या उजळ चौकोनात दोन प्रतिमा एकमेकींवर येईपर्यंत रिंग फिरवतो. लेन्सच्या मागची कड कॅमेऱ्यातल्या एका चिमुकल्या चाकाला ढकलते आणि त्या ढकलण्यावर सगळा भरवसा. आता एक मीटरवरून कॅननची ०.९५ पूर्ण उघडून फोटो काढायचा म्हटला तर नीट दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी दोन सेंटीमीटरच्या आसपास. एक सेंटीमीटर अलीकडे, एक पलीकडे. लग्नात अंतरपाट दूर झाला, नवरीने मान वर केली, तुम्ही क्लिक केले. नथ सुरेख आली. मोत्यांच्या मधला लाल खडासुद्धा दिसतो. डोळे मात्र कुणाचे आहेत ते ओळखू येत नाहीत. त्यावर उपाय म्हणून दुसरा फोटो डोळ्यावर धरून काढाल तोवर नवरीने श्वास घेतलेला असतो. श्वासाची जाडी एक सेंटीमीटरहून जास्त असते, हे या लेन्समुळे कळते.

शिवाय या लेन्सा बहुधा एक मीटरच्या आत येतच नाहीत. पंगतीत बसून समोरच्या ताटातल्या पुरणपोळीचा फोटो काढायचा असेल तर पंगत सोडून उभे राहावे लागते. आणि कॅननची ०.९५ एवढी लठ्ठ आहे की तिचे वजन सहाशे ग्रॅमच्या वर, आणि खिडकीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तिचाच काळा गोल दिसतो. चित्राचा तो कोपरा श्रद्धेवर सोडावा लागतो.

झोनार पद्धतीच्या लेन्समध्ये आणखी एक गंमत असते. छिद्र बारीक करत गेलात की फोकस आपोआप मागे सरकतो. रिंग जागेवर, माणूस जागेवर, फोकस मात्र हलतो. त्यामुळे लेन्स जुळवताना कारागिराला ठरवावे लागते की हिला १.५ वर खरे बोलायला लावायचे की २.८ वर. दोन्हीकडे ती खरे बोलणार नाही. मिररलेसवाल्या उपाधिकाऱ्याची सवलत हीच : तो पडद्यावर मोठे करून बघतो, त्याला चाकाची आणि जुळवाजुळवीची फिकीर नाही. पण मग रेंजफाइंडरची लेन्स घेऊन रेंजफाइंडरच टाळला, या पापाचे काय, हे त्याने आपल्या मनाशी बघावे.

काळनिर्णय सोपा आहे. भर दुपारी ही लेन्स उघडता येत नाही. चारशेची फिल्म, जुन्या लायकाचा जास्तीत जास्त वेग सेकंदाचा हजारावा भाग. कडक उन्हात छिद्र एफ ११ च्या आसपास नेल्याशिवाय गत्यंतर नाही. ०.९५ वर ठेवलीत तर फिल्मवर गरजेच्या शंभर पटींहून जास्त उजेड पडेल. आणि एफ ११ वर जगातल्या सगळ्या पन्नास मिलिमीटरच्या लेन्सा सख्ख्या बहिणी दिसतात. म्हणजे या लेन्सचा खरा काळ दिवेलागणीनंतरचा. ज्याला रात्री आठला झोप येते त्याने घेऊ नये.

उन्हाचा एक निषेध मात्र कडक आहे. आरशाच्या कॅमेऱ्यात लेन्स आणि शटर यांच्यामध्ये आरसा असतो. रेंजफाइंडरमध्ये काही नसते. जुन्या लायकाचे शटर कापडी. उघडी लेन्स गळ्यात लोंबकळत सूर्याकडे तोंड करून राहिली की शाळेत भिंगाने कागद जाळायचो तोच प्रयोग शटरवर होतो आणि कापडाला भोक पडते. म्हणून टोपी लावावी. आणि टोपी लावली की काढायला विसरावे, हा त्यापुढचा नियम आहे. कारण खिडकीतून सगळे छान स्वच्छ दिसत राहते. छत्तीस फोटो निवांतपणे, नीट रचना करून, टोपी लावून काढलेले मी पाहिले आहेत. धुतल्यावर फिल्म अत्यंत एकसारखी येते.

आता परीक्षा. इथे घाई करू नये.

दुकान मुंबईतल्या बोरा बाजाराच्या गल्लीतले असो, पुण्याच्या जुन्या बाजारातली गोधडी असो की चोरबाजारातला काचेचा शोकेस असो, पद्धत एकच. लेन्स हातात घेतल्यावर समोरच्या काचेकडे कौतुकाने बघायचे नाही. ते सगळे करतात, म्हणून समोरची काच दुकानदार सकाळीच पुसून ठेवतो. छिद्र पूर्ण उघडायचे, रिंग अनंतावर न्यायची, मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून आत टाकायचा आणि पुढून सरळ न बघता तिरके बघायचे. धुळीचे चार कण दिसतील. त्याला काही होत नाही. कोळ्याच्या तंतूसारख्या फांद्या फुटलेल्या दिसल्या तर ती बुरशी. कडेला इंद्रधनुष्यासारखी रंगीत झाक दिसली तर दोन काचांना जोडणारा चीक सुटत आला आहे. आणि सगळीकडे एकसारखा, दुधाचा हात फिरल्यासारखा पातळ पडदा दिसला तर ते हेझ. हे सर्वांत वाईट, कारण साध्या उजेडात ते अजिबात दिसत नाही. कॅननच्या १.२ ला हा रोग विशेष. आतल्या वंगणाची वाफ वर्षानुवर्षे काचेवर बसते. लवकर पुसली तर निघते. खूप काळ राहिली तर काच कायमची खाल्ली जाते, मग ती जगातल्या कुठल्याही कारागिराकडून निघत नाही.

टॉर्च टाकला की दुकानदार एक वाक्य म्हणतो. ते वाक्य ठाणे ते टोकियो सारखेच असते : ‘फोटोवर काही फरक पडत नाही, साहेब.’ धुळीबद्दल हे खरे आहे. बुरशीबद्दल अर्धे खरे. हेझबद्दल साफ खोटे. उजेडाकडे लेन्स धरली की काळ्याचा करडा होतो. तेव्हा हे वाक्य ऐकल्यावर कशाबद्दल, एवढा एकच शब्द विचारावा आणि उत्तर येईपर्यंत टॉर्च बंद करू नये.

जपानहून मागवणाऱ्याला टॉर्च टाकता येत नाही, त्याला वर्णन वाचावे लागते. वर्णनांची श्रेणी अशी : सर्वांत खराब वस्तू ‘एक्सलंट’. त्याहून बरी ‘एक्सलंट’ आणि पुढे पाच अधिक चिन्हे. मग ‘निअर मिंट’, ‘मिंट’, ‘टॉप मिंट’. ‘वाईट’ हा शब्द या कोशात नाही. म्हणून ठळक अक्षरे वाचू नयेत. खाली बारीक अक्षरांत ‘किंचित धुके’, ‘बारीक पुसल्याच्या रेघा’ असे जे असते तीच खरी जाहिरात. एवढे मात्र मान्य करायला हवे की जपानी दुकानदार बारीक अक्षरांत सहसा खोटे लिहीत नाही. आपल्याकडे बारीक अक्षरेच नसतात. वरून कस्टमचा भरणा येतो तो किमतीत आधीच धरावा. पोस्टमन दारात उभा असताना धरू नये.

जोडणीचा विचार थोडक्यात. जुनी ३९ मिलिमीटर आट्यांची लेन्स लायका एमवर एक मिलिमीटर जाडीच्या रिंगने बसते, निर्धास्त घ्यावी. कॅननच्या ०.९५ ची जोडणी वेगळी, ती कॅनन ७ आणि त्याच्या पुढच्या भावंडांवरच बसते. इतरत्र बसवायची तर लेथवर चढवावी लागते. आणि त्याच लेन्सची एक टीव्ही कॅमेऱ्यासाठीची आवृत्ती आहे, तिला रेंजफाइंडरची जोडणीच नाही. दोन्हींचे फोटो सारखे दिसतात. स्वस्त सापडली म्हणून उड्या मारण्याआधी कड बघावी.

मुख्य द्रव्य न मिळाल्यास प्रतिनिधी चालतो, हे शास्त्रवचन आहे. नॉक्टिलक्स १.२ चा प्रतिनिधी शोधणे हे चांगल्या शहरात दुसरा फ्लॅट शोधण्याइतके खर्चाचे आहे; सोडून द्या. झोनारचा प्रतिनिधी मात्र उत्तम आहे, तो म्हणजे रशियन जुपिटर ३. दुसऱ्या महायुद्धानंतर रशियनांनी झाइसची यंत्रे आणि काचेचा साठा उचलून नेला आणि तीच १.५ लेन्स आपल्याकडे करायला घेतली. बऱ्याच जुपिटरांच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे म्हणजे जन्मसाल, त्यामुळे पत्रिका मांडणे सोपे. दोष एकच. रशियनांनी काँटॅक्सचे मोजमाप धरले, लायकाचे धरले नाही. म्हणून लांबचे बरोबर येते आणि जवळचे चुकते. आतली एक पातळ चकती बदलून ते जुळवता येते. जुळवण्याआधी जुपिटरने काढलेल्या फोटोत माणसापेक्षा त्याच्या जवळपासची भिंत, खुर्ची किंवा कान नीट येतात. चिनी कंपन्याही आता १.१ आणि ०.९५ नव्या विकतात, किंमत बरी, त्यातली काही वापरणाऱ्यालाच पेचकसाने जुळवता येतात. हे द्रव्य शुद्ध आहे, पण त्यात पुण्य कमी.

लेन्स घरी आली की पावसाळ्याचा विचार करावाच लागतो. कोकण, मुंबई आणि गोव्यात जून ते सप्टेंबर ही बुरशीची पर्वणी असते. चामड्याच्या मूळ पेटीत ठेवली की शोभते, आणि चामडे ओल धरून बुरशीला माहेरपण करते. पेटी शोकेसमध्ये ठेवावी, लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर. आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांत राहिली पाहिजे. एक छोटे आर्द्रतामापक आणावे. जेलचा रंग बदलला की ती तव्यावर गरम करून पुन्हा वापरावी, आणि तो तवा पोळ्यांचा नसावा.

सर्व विचार करून निर्णय. ०.९५ घेऊ नये; ती ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून एका संध्याकाळपुरती मागून घ्यावी आणि रात्री परत करावी. कॅननची १.२ टॉर्चखाली पूर्ण स्वच्छ निघाली तर घ्यावी. तशी निघणे दुर्मीळ, म्हणून हा नियम पैसे वाचवण्यासही उपयोगी. १.५ ची झोनार किंवा नीट जुळवलेली जुपिटर घ्यावी, निःशंक घ्यावी, आणि दिवेलागणीला घराबाहेर पडावे. ज्याच्याकडे आधीच यातली एक आहे त्याला दुसरीचा अधिकार नाही, मग ती कितीही ‘टॉप मिंट’ असो.

आणि एक विनंती. कधी ना कधी तुम्हीही ती विकाल. तेव्हा जाहिरातीत ‘फोटोवर फरक पडत नाही’ असे न लिहिता टॉर्च टाकून काढलेला एक फोटो जोडा, आणि लेन्सने किती पावसाळे कपाटात काढले तेही लिहा.